तिसरी हाक

तिला सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा राग येत नसे. उलट एखाद्या नवख्या व्यापाऱ्याने आदराने "बाई" म्हटलं तर ती मागे वळून बघायची, ही आणखी कोण बाई आली म्हणून. मासळीच्या धक्क्यावर ती बत्तीस वर्षं लिलाव पुकारत होती. उंचीने जेमतेम, अंगाने काडी, पण आवाज असा की ती फरशीच्या या टोकाला बोलली की त्या टोकाच्या बर्फाच्या कारखान्यातला माणूस दचकून हातातली लादी सोडायचा. देवाने हिला देह देताना हात आखडता घेतला आणि गळा देताना मोजायचं विसरला, असं तिचे दाजी म्हणायचे. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेव्हणीची थट्टा करायचा हक्क त्यांनी आयुष्यभर पुरेपूर वापरला.

लिलावाचं काम तिच्याकडे वडिलांकडून आलं. एका थंडीत वडिलांचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हा चौदा वर्षांची ही पोर प्लास्टिकच्या उलट्या क्रेटवर चढली आणि समोरच्या मासळीच्या पाट्यांकडे बघून तिने पहिली बोली पुकारली. व्यापारी हसले. चौथी पाटी जाईपर्यंत त्यांचं हसू ओसरलं होतं, आणि दहाव्या पाटीला ते तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

या धक्क्याची एक रीत होती. बोली चढत चढत थांबली की लिलाववाली तीन हाका द्यायची. पहिल्या हाकेला कुणी हलायचं नाही. हललेला माणूस उतावळा ठरायचा, आणि उतावळ्याला बाजारात कुणी विचारत नाही. दुसऱ्या हाकेला कान खाजवायचा, समुद्राकडे बघायचं, आपल्याला काही पडलेलीच नाही असं दाखवायचं. वाढवायचं असेल तर तिसरी हाक पडायच्या ऐन आधी मान हलवायची. तिसरी पडली की मग देवाचा बाप आला तरी पाटी फिरत नसे. दोन हाकांमध्ये किती थांबायचं हे घड्याळावर नव्हतं. समोरच्याच्या मनातला घोळ मिटेपर्यंत थांबायचं, असं वडिलांनी तिला शिकवलं होतं. "घाईची तिसरी म्हणजे चोरी," ते म्हणायचे, आणि हे तिने गाठीला बांधून ठेवलं होतं.

ही सवय धक्क्यावरून घराघरांत गेली होती. जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेशिवाय कुणी उठत नसे. शाळेत मास्तर हजेरी घेताना रडकुंडीला यायचे, कारण एकेका पोराचं नाव तीनदा घ्यावं लागे. बाहेरून लग्न होऊन आलेल्या मुलींना पहिलं वर्षभर वाटायचं की आपल्या गळ्यात बहिरा नवरा बांधलाय. लिलाववालीचा नवरा मात्र पहिल्याच हाकेला उठायचा. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, मोजकं बोलायचा, आणि हिने घरात दुसरी हाक दिली तर भिंतीचा गिलावा पडेल, असं हळूच म्हणायचा.

ताई राहायची टोकाच्या वस्तीत. गावापासून एक बांध समुद्राच्या कडेकडेने जायचा आणि तो संपायचा तिथे वाळूवर चाळीसेक घरं होती. आई गेली तेव्हा लिलाववाली सहा वर्षांची होती आणि ताई सतराची. तिची वेणी ताईने घातली, तिचा ताप ताईने काढला, आणि स्वतःचं लग्न पाच वर्षं पुढे ढकललं. दाजी जाळी दुरुस्त करायचे. दाराशी पाय पसरून बसायचे, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचे आणि दिवसभर गाठी मारायचे. त्यामुळे त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला होता.

मग साथ आली. धक्क्याला कुलूप लागलं. दोन महिन्यांनी उघडला तेव्हा फरशीवर पांढरे गोल काढलेले होते, तोंडाला मास्क होता आणि बोली चिठ्ठीवर लिहून द्यायची होती. बोलायचं नाही म्हटल्यावर लिलाववालीचं काय काम? ती घरी बसली. पण बंदर कार्यालयाने तिला फार दिवस बसू दिलं नाही. त्यांच्या पिकअपवर कर्णा बांधलेला होता, आणि हात धुवा, तोंड झाका, गर्दी करू नका हे लोकांच्या गळी उतरवायला कुणीतरी हवं होतं. कारकून तिच्या हातात कागद द्यायचा. त्यात "तरी नागरिकांनी नोंद घ्यावी" असलं काहीबाही असायचं. ती कागद घडी करून ठेवून द्यायची आणि कर्ण्यातून सरळ म्हणायची, "अरे, नाक बाहेर काढून मास्क कसला घालता? अर्धी चड्डी घातल्यासारखं दिसतंय!" लोक हसायचे आणि नाक झाकायचे.

हसणं थोड्याच दिवसांत संपलं. शाळेची इमारत तापाच्या रोग्यांसाठी घेतली गेली. धक्क्याचा रखवालदार तिथे स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि सहाव्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर आला. त्याला न्यायला चारच माणसं होती, तीही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात. त्याच्या बायकोला कोणता माणूस कोण ते कळेना, म्हणून ती चौघांनाही हात जोडत राहिली. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं त्याच वर्षी चक्रीवादळ निघालं. रेडिओ सांगत होता, उद्या संध्याकाळी धडकेल. सगळं गाव मावेल अशी भक्कम इमारत एकच होती, शाळा.

"वारा एकदाच मारेल," लोक म्हणाले. "तिथे गेलो तर खोकून खोकून मरू."

बंदर कार्यालयातला साहेब नवा होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला वाटायचं की एकदा सांगितलं की लोकांना कळतं. "एक फेरी मारा," तो म्हणाला.

"एका फेरीने इथे मांजर उठत नाही, साहेब," लिलाववाली म्हणाली. "तीन लागतील. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला."

त्याने मान्य केलं. गाडीत कुणाला बसवायचं नाही, साथीचा नियम आहे, एवढं मात्र बजावलं.

सकाळची फेरी झाली. रीतीप्रमाणे कुणी हललं नाही. दुपारी ती बांधावरून टोकाच्या वस्तीत पोचली तेव्हा वारा फार नव्हता, पण समुद्र फुगला होता आणि बांधाच्या दगडांतून पाणी झिरपत होतं. लोक आता सामान बांधत होते. दाजी दाराशी ट्रंकेवर बसले होते. बाजूला पिशवी, पिशवीत सुया आणि दोरा.

"काय भोंगाबाई, दोन झाल्या. तिसरी कधी?"

"चारला येते. तयार राहा. तिसरीला जो उठणार नाही त्याला मी कानाला धरून नेईन."

"मग मी बसूनच राहतो," दाजी म्हणाले. "मेव्हणीने कान धरायचं भाग्य या वयात कुणाला मिळतं?"

ताई आतून हसली. लिलाववालीने कर्ण्यातून सगळ्या वस्तीला सांगितलं, "ही दुसरी. तिसरीला येते मी."

पिकअपचा ड्रायव्हर धक्क्यावर केस पिकवलेला माणूस होता. त्याने गाडी वळवता वळवता हळू आवाजात म्हटलं, "बाई, तिसरी आत्ताच देऊन टाका. पाण्याचं लक्षण बरं दिसत नाही. परत यायला जमेल असं वाटत नाही मला."

"अजून वेळ आहे."

"द्या हो. कोण विचारतंय?"

"मी विचारते," ती म्हणाली. "लोकांची बांधाबांध व्हायचीय. घाईची तिसरी मी कधी दिलेली नाही, आणि आज पहिल्यांदा देणार नाही."

ड्रायव्हरने गाडी बांधावर घेतली. बत्तीस वर्षांत तिच्या तिसऱ्या हाकेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि तिला त्याचा अभिमान होता. अभिमान असू नये असं नाही. पण तो कुठे उतरवून ठेवायचा हे माणसाला कळलं पाहिजे, आणि ते तिला त्या दुपारी कळलं नाही.

चार वाजता ती गाडीत बसलेली असताना साहेब धावत आला. शाळेच्या मागच्या खोल्यांत तापाचे आठ रोगी अजून होते. त्यांना हलवल्याशिवाय लोक आत पाऊल टाकायला तयार नव्हते. दुसरी गाडी नव्हती. ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट ते आठजण कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर नेईपर्यंत साडेपाच वाजले. ड्रायव्हरने तरीही गाडी बांधावर घातली. वीस हात पुढे गेल्यावर बांधच दिसेना. ती खाली उतरली आणि पोटातल्या सगळ्या जोराने वस्तीकडे तोंड करून ओरडली. वारा समोरून होता. तिचा आवाज तिच्याच तोंडात परत आला.

टोकाच्या वस्तीतली बरीच घरं तोवर आभाळ बघून चालत निघून आली होती. काहीजण थांबले होते. समुद्र सहाच्या सुमाराला आत शिरला. लोकांनी ताईला पाण्याच्या सिमेंटच्या टाकीवर ओढून घेतलं. तिघं गेले. त्यांतले दाजी दोन दिवसांनी सापडले, खाजणातल्या झुडपांत, गावकऱ्यांनीच शोधून काढले. साथीच्या नियमाने त्यांना पोचवायलाही मोजकीच माणसं गेली. लिलाववाली गेली होती. ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

पाचव्या दिवशी मदत आली. बोटीतून निळ्या ताडपत्र्या आल्या, पाण्याचे पिवळे कॅन आले, आणि झाकणाच्या बादल्या आल्या. प्रत्येक बादलीत तांदूळ, साबण, मेणबत्त्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि दहा मास्क. "डोक्यावर छप्पर नाही आणि तोंडाला मात्र झाकण," असं कुणीतरी म्हणालंच. पण मदतपथकाची नर्सबाई खमकी होती. म्हणाली, "छप्पर महिन्याने देऊ, मास्क आज घाला. वादळाने तीन नेले, मी चौथा जाऊ देणार नाही." रांगेसाठी तिने चिखलात कौलांचे तुकडे सहा-सहा फुटांवर मांडले. लोकांनी प्रत्येक तुकड्यावर आपापली बादली नेमकी ठेवली आणि स्वतः भिंतीच्या सावलीत खांद्याला खांदा लावून गप्पा मारत बसले. बादल्यांनी नियम पाळला. नर्सबाईने कपाळावर हात मारला आणि मग ती स्वतःच हसायला लागली.

विहिरी खारट झाल्या होत्या. पाणी टँकरचं. लिलाववाली टँकरच्या नळाशी उभी राहायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॅन भरून द्यायची. बोलायची नाही. साहेबाने कर्णा घेऊन विनवलं तेव्हा तिने गळ्याकडे बोट दाखवलं. पथकाच्या डॉक्टरने बॅटरी लावून घसा तपासला. घशात काही नव्हतं. "घसा ठीक आहे," तो म्हणाला. त्यावर तिने मान हलवली आणि पुढचा कॅन नळाखाली धरला. घरीही तेच. नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून बोलायची वेळ आली आणि त्या बिचाऱ्याला विषय सुचेना.

मग साहेब स्वतःच पुकारायला लागला. "तरी नागरिकांनी नोंद घ्यावी" पासून सुरुवात करायचा आणि एकदाच सांगायचा. कुणी यायचं नाही. त्याला वाटायचं लोक कृतघ्न आहेत. लोकांना वाटायचं, गाडी आपल्याला सोडून गेली ती याच्यामुळे, आता याचं काय ऐकायचं? सगळ्या गावाने खापर त्याच्या डोक्यावर फोडलं होतं, आणि तो ते निमूट वागवत होता. दुपारच्या त्या बोलण्याबद्दल फक्त दोघांना माहीत होतं. ड्रायव्हर बोलला नाही. लिलाववाली तर कशावरच बोलत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई टँकरपाशी आली. टोकाच्या वस्तीत बारा-तेरा कुटुंबं ताडपत्र्यांखाली परत जाऊन राहिली होती आणि तिथे ताप शिरला होता. "पाचजण मी उचलून आणलेत," ती म्हणाली. "तुमची ताई ऐकत नाही. नाकात काडी घालू देत नाही, बोटाला यंत्र लावू देत नाही. श्वास बघूनच मला कळतंय, फार दिवस नाहीत. मोठ्या इस्पितळाकडे जाणारी बोट उद्या दुपारी सुटेल. ती पुढे बेटांवर जाणार. परत कधी येईल सांगता येत नाही."

लिलाववालीने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बांधावरून चालत गेल्या. बांध तीन ठिकाणी फुटला होता आणि त्यावर फळ्या टाकल्या होत्या. वस्तीतले लोक तिला बघून उठून उभे राहिले. कुणी काही म्हणालं नाही. कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

ताई ताडपत्रीखाली बसली होती. झोपलं की दम लागत होता. श्वास घेताना तिचे खांदे वर जात होते आणि ओठांना निळी झाक आली होती. लिलाववालीने मास्क वर ओढला. ती आत जाऊन बसली.

"लांब बस," ताई म्हणाली. "ताप आहे मला."

"माहीत आहे."

तीन आठवड्यांत तिच्या तोंडून निघालेले हे पहिले दोन शब्द. आवाज फाटका होता.

"आज बरी आलीस बोलवायला," ताई म्हणाली. "आज सवड झाली होय?"

हे लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. लिलाववालीने खाली बघितलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं बोलून टाकलं. "साहेबाची चूक नव्हती, ताई. ड्रायव्हर मला दुपारीच म्हणाला होता, तिसरी इथेच देऊन टाका, परत येणं होणार नाही. मी दिली नाही. घाईची देत नाही म्हटलं. दिली असती तर तुम्ही सगळे दुपारीच उठला असता. दाजींना मी मारलं."

बाहेर कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता. ताईने दोन्ही हात जमिनीला टेकवून दम घेतला.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"ते उठले होते," ताई म्हणाली.

"काय?"

"तू गेलीस आणि तासाभराने ते उठले. पिशवी खांद्याला लावली. म्हणाले, चल, भोंग्याची तिसरी होईल तेव्हा होईल, आपण चालायला लागू." ताईला थांबावं लागलं. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली गं. जेवायलासुद्धा हा माणूस तिसरीआधी कधी उठला नाही. त्या दिवशी उठला. आणि मी हात धरून बसवला. म्हटलं, गुडघा दुखतोय, एवढं कुठे चालता? ती येणारच आहे. गाडीत बसवेल आपल्याला. नियम गेला खड्ड्यात, बहीण आहे माझी."

ती रडत नव्हती. रडायलाही श्वास लागतो.

"म्हणून मी कुठे जात नाही," ती म्हणाली. "इथेच राहणार. जे व्हायचं ते इथेच होऊ दे."

एखादी शहाणी बाई असती तर तिने या वेळी समजुतीचं काही सांगितलं असतं. लिलाववालीला राग आला. लहानपणी ताई विहिरीवर तिला सोडून पुढे गेली की यायचा तसा आला.

"आणि मी काय करू?" ती ओरडली. आवाज फुटला आणि बाहेरचे लोक दचकले. "हे सगळं जगात दोघींनाच माहीत आहे. तू गेलीस की माझ्या एकटीच्या गळ्यात! मी हे कुणाशी बोलू? नवऱ्याशी? तो 'हं' म्हणेल. दाजींना तू बसवलंस आणि मी थांबवलं. दोघींनी मिळून घालवलंय माणूस, तर दोघींनीच सोसायचं. तू अशी अर्ध्यावरून उठून जायचं नाही. मला चालणार नाही ते!"

ताईने तिच्याकडे बघितलं. सहा वर्षांच्या पोरीकडे बघायची तसंच बघितलं. मग नर्सबाईसमोर बोट पुढे केलं.

यंत्रावर आकडा आला ब्याऐंशी. चौघांनी ताडपत्रीचीच झोळी केली आणि फळ्यांवरून, बांधावरून तिला धक्क्यावर आणलं. बोटीत नातेवाइकाला परवानगी नव्हती. ताईच्या तोंडावर ऑक्सिजन लागला, बोट सुटली, आणि लिलाववाली ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग टँकरपाशी गेली, कारण तिथे रांग खोळंबली होती.

अकरा दिवस काही खरं नव्हतं. नर्सबाई रोज फोन लावायची आणि तिकडून नुसतं "आहे तसंच" यायचं. बाराव्या दिवशी ती नळाशी आली आणि म्हणाली, "जेवणावरून वॉर्डातल्या बाईशी भांडली म्हणे." लिलाववालीने कॅन खाली ठेवला आणि तिथेच चिखलात बसकण मारली. भांडली म्हणजे जगली.

ताई परत येण्याआधी लिलाववालीने एक काम उरकून टाकलं. घरं बांधून द्यायच्या यादीसाठी टोकाच्या वस्तीची बैठक शाळेच्या पटांगणात भरली होती. लोक साहेबाला वाटेल ते बोलत होते आणि तो ऐकून घेत होता. ती उठली आणि ड्रायव्हर काय म्हणाला, आपण काय म्हणालो, ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. ताईचं काही सांगितलं नाही. ते ताईचं होतं. साहेब तोंडाचा मास्क सारखा नीट करत राहिला. ज्यांची माणसं गेली होती त्यांतल्या एका म्हातारीने जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या घराने तिच्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं, आणि अजूनही ते घर बोलत नाही. तिने त्यांना त्याबद्दल कधी नावं ठेवली नाहीत.

ताई तीन महिने तिच्या घरी राहिली आणि पत्र्याचं नवं घर उभं राहिल्यावर वस्तीत परत गेली. दोघी त्या दिवसाबद्दल क्वचित बोलायच्या. बोलायच्या तेव्हा जाळ्याची गुंतलेली बाजू दोघींनी दोन टोकांनी धरावी तसं सावकाश बोलायच्या.

पुढच्या हंगामात साथीची दुसरी लाट आणि दुसरं वादळ पुन्हा एकाच वेळी आलं. साहेबाने या वेळी स्वतःहून विचारलं, "तीन फेऱ्या ना?"

"एकच," लिलाववाली म्हणाली. "हाक मोजायची नाही. जो दिसेल त्याला हाताला धरून उठवायचं."

आदल्या दिवशी सकाळीच तिने आणि ड्रायव्हरने गाडी काढली. गावातल्या गल्ल्यांत तिने तोंडाला येईल ते बोलून, शिव्या देऊन, दारं वाजवून माणसं बाहेर काढली. दहाच्या सुमाराला गाडी बांध ओलांडून टोकाच्या वस्तीत पोचली. तिने कर्णा तोंडाशी धरला आणि तशीच थांबली.

वस्तीत कुणी नव्हतं. होड्या वर ओढून दोरांनी बांधलेल्या होत्या. दारांना कड्या होत्या, पत्र्यांवर वाळूची पोती होती. कोंबड्यासुद्धा नेल्या होत्या.

"बाई, कुणी नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"नीट बघ. प्रत्येक घर बघ."

दोघांनी एकेका घराची कडी काढून आत बघितलं. खरंच कुणी नव्हतं.

शाळेत पोचली तेव्हा टोकाची वस्ती व्हरांड्यात अंतर ठेवून बसली होती. या वेळी बादल्या एकत्र होत्या आणि माणसं लांब लांब. ताई खांबाला टेकून शेंगा सोलत होती.

"कधी आलात?" लिलाववालीने विचारलं.

"पहाटे. वारा फिरला तसे निघालो."

"मी तिकडे जाऊन आले. सगळी घरं पालथी घातली."

"मग?" ताई वर न बघता म्हणाली. "तुझी वाट कोण बघत बसणार?"

लिलाववाली तिच्यासमोर सहा फुटांवर फरशीवर बसली. वर्षभर न आलेलं रडू तिला तिथे, सगळ्यांच्या देखत आलं, आणि ती तिच्या त्या मोठ्या आवाजात रडली. ताईने शेंगांची टोपली बाजूला ठेवली, आणि अंतराचा नियम मोडून ती तिच्याजवळ सरकून बसली.